डॉक्टर हेपबर्न यांची शब्दसेवा

परकी भाषा शिकावयाची म्हणजे तिच्यातील नामांची लांबलचक यादी घोकावयाची, असा आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. पाणी, झाड, घर, टेबल ह्यांस त्या भाषेत काय म्हणतात एवढे कळले की अर्धे काम झाले, असे त्यांस वाटते. परंतु घरातील लहान मुलाकडे पाहावे. ये, जा, दे, घे, बस, ऊठ ह्या शब्दांवर त्याचा सारा दिवस चालतो. कारण मनुष्याचा व्यवहार वस्तूंनी नव्हे, तर कृतींनी बनलेला असतो. नामे ही भाषेची भांडीकुंडी होत. क्रियापदे हा तिचा संसार होय. हे सत्य ओळखून, वयाची चाळिशी उलटल्यावर एका अत्यंत कठीण परभाषेत शिरलेल्या आणि पुढे त्याच भाषेचा कोशकार म्हणून नावाजलेल्या एका वैद्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव डॉक्टर जेम्स कर्टिस हेपबर्न. जपानी लोक त्यांस हेबोन म्हणत.

डॉक्टर हेपबर्न यांचा जन्म १३ मार्च १८१५ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया प्रांतात, मिल्टन नावाच्या गावी झाला. प्रिन्स्टन येथील विद्यालयातून १८३२ साली पदवी घेऊन त्यांनी पेन्सिल्व्हानिया विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८३६ साली ते डॉक्टर झाले. परदेशी जाऊन रोग्यांची सेवा करावी व प्रभूची साक्ष द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. १८४० साली क्लॅरा लीट ह्या बाईंशी त्यांचा विवाह झाला. बाईंचाही मनोदय तोच असल्यामुळे पुढील वर्षी हे जोडपे पूर्वेकडे निघाले. चीन देशाची दारे अद्याप मोकळी झाली नव्हती; म्हणून आरंभीची दोन वर्षे त्यांस सिंगापूर येथे काढावी लागली.

सिंगापुरातच त्यांच्या हाती एक चमत्कारिक पुस्तक आले. गुत्स्लाफ नावाच्या मिशनरी गृहस्थांनी, तारू फुटून परदेशी लागलेल्या तिघा जपानी खलाशांच्या मुखातून त्यांची भाषा शिकून, योहानाच्या शुभवर्तमानाचे जपानीत भाषांतर केले होते. ते १८३७ साली सिंगापुरात छापले गेले. ज्या देशात परकीयांस पाऊल ठेवण्याची बंदी, त्या देशाच्या भाषेतील हे पुस्तक तीन दर्यावर्दी माणसांच्या बोलीतून जन्मले होते. पुढे डॉक्टरसाहेबांनी जो मार्ग धरला त्याचे बीज येथेच दिसते, असे आम्हांस वाटते.

सिंगापुराहून ते चीनमधील अमॉय बंदरी गेले. परंतु तापाने दोघांचीही प्रकृती खालावली आणि १८४६ साली त्यांस मायदेशी परतणे भाग पडले. न्यूयॉर्क शहरात त्यांनी वैद्यकीचा धंदा सुरू केला. थोड्याच काळात त्यांचा लौकिक वाढला, द्रव्यही मिळाले. परंतु त्याच घरात त्यांच्यावर मोठी आपत्ती कोसळली. त्यांचे तीन लहान मुलगे एकामागून एक देवाघरी गेले. सॅम्युएल नावाचा एकच मुलगा मागे राहिला. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांसच ह्या दुःखाची कल्पना येईल; आम्ही अधिक लिहीत नाही.

इकडे जपानात मोठे स्थित्यंतर होत होते. दोन शतकांहून अधिक काळ त्या देशाने परकीयांस आपली दारे बंद ठेविली होती. नागासाकी येथे डच व चिनी व्यापाऱ्यांस तेवढी मुभा असे. १८५३ साली अमेरिकन आरमार तेथे आले, १८५८ साली तह झाला आणि १८५९ साली काही बंदरे मोकळी झाली. ही वार्ता ऐकून डॉक्टर हेपबर्न यांनी आपली भरभराटीची वैद्यकी सोडली, घरदार विकले आणि पत्नीसह जपानात जाण्याचे ठरविले. सॅम्युएल तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होता. त्याच्या शिक्षणाकरिता त्यास अमेरिकेतच ठेवणे प्राप्त होते. तीन मुलांस मातीआड केलेल्या मातापित्यांनी चौथ्यास धक्क्यावर निरोप दिला आणि गलबत हाकारले. १८ ऑक्टोबर १८५९ रोजी ती दोघे कानागावा येथे उतरली. डॉक्टरांचे वय त्या वेळी चव्वेचाळीस वर्षांचे होते.

राहावयास जागा मिळाली ती जोबुत्सुजी नावाच्या एका बुद्धमंदिरात. देशात ख्रिस्ती धर्माची सक्त मनाई होती. तशा आज्ञेचे फलक रस्तोरस्ती उभे असत. परकीयांवर हल्ले होत. एकदा एका अज्ञात इसमाने क्लॅराबाईंच्या खांद्यावर पाठीमागून काठीचा जबर प्रहार केला आणि त्याची पीडा त्यांस पुष्कळ दिवस भोगावी लागली. १८६१ साली डॉक्टरांनी जवळच्या सोकोजी मंदिरात मोफत दवाखाना उघडला. रोग्यांची रीघ लागली; पण काही महिन्यांतच सरकारी हुकमाने तो बंद झाला. उपदेश करण्याची सोय नाही, दवाखानाही बंद, अशा स्थितीत एखादा मनुष्य खचून गेला असता. डॉक्टरांनी मात्र भाषेच्या अभ्यासाची कास धरिली.

ह्या अभ्यासाची साधने किती तुटपुंजी होती ते सांगणे अवश्य आहे. जपानी भाषेत शिरू पाहणारे युरोपियन पूर्वीही होऊन गेले होते. त्यांतील पहिल्या प्रयत्नाचा धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयात शिकला व १५४८ साली तेथेच त्याचा बाप्तिस्मा झाला; त्यास दुभाषा म्हणून बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमा येथे उतरले. पुढे जेझुइट पाद्र्यांनी १६०३ साली नागासाकी येथे जपानी-पोर्तुगीज कोश छापला. त्यानंतर १८३० साली मेडहर्स्ट नावाच्या मिशनरी गृहस्थांनी बटाव्हिया येथे एक लहानसा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. डॉक्टर हेपबर्न यांस आधार तो ह्या दोन पुस्तकांचा. एक अडीचशे वर्षांचे जुने, दुसरे अगदी त्रोटक. म्हणून जिवंत माणसांच्या तोंडची भाषा हाच त्यांचा मुख्य ग्रंथ झाला.

आता ह्या भाषेच्या क्रियापदांकडे थोडे वळू. आम्ही काही जपानी भाषेचे पंडित नव्हे. तथापि जी अल्प माहिती आम्हांस आहे तीवरूनही आमच्या विद्यार्थ्यांस कौतुक वाटेल. इंग्रजी बोलणाऱ्यास ह्या भाषेत पहिला अडथळा हा की क्रियापद वाक्याच्या अगदी शेवटी येते. मराठी मुलास ह्यात काहीच नवल नाही. आपणही मी पुस्तक वाचतो असेच म्हणतो. उलट एका बाबतीत जपानी क्रियापद आपल्याहून सोपे आहे. आपण तो जातो, ती जाते, ते जातात असे लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलितो; जपानीत मी, तू, तो, ती, ते सर्व, कोणीही जावो, क्रियापद इकु हेच राहते. काळही मुख्यतः दोनच. योमु म्हणजे वाचतो किंवा वाचीन, आणि योंदा म्हणजे वाचले. नकारासाठी निराळा शब्द न ठेवता तो क्रियापदाच्या पोटातच घालितात. योमानाइ म्हणजे वाचीत नाही. इच्छाही तशीच. योमिताइ म्हणजे वाचावेसे वाटते.

ह्याहून मौजेची गोष्ट अशी की आपल्या ऊन प्रत्ययासारखेच एक रूप जपानीत आहे आणि त्यास दुसरे क्रियापद जोडून ते लोक आपल्याप्रमाणेच अर्थ खुलवितात. ताबेरु म्हणजे खाणे व मिरु म्हणजे पाहणे. ताबेते मिरु म्हणजे खाऊन पाहणे. मोत्ते कुरु म्हणजे घेऊन येणे, मोत्ते इकु म्हणजे घेऊन जाणे. शिते ओकु म्हणजे करून ठेवणे, आणि शिते शिमाउ म्हणजे करून टाकणे. इंग्रज विद्यार्थ्यास जे फार सायासाने शिकावे लागते, ते मराठी मुलाच्या घरात आजीच्या तोंडी रोज असते. आपले पडणे आणि पाडणे, तसे त्यांचे ओचिरु आणि ओतोसु. आपले फुटणे आणि फोडणे, तसे त्यांचे वारेरु आणि वारु. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, पागोटे बांधतो. तेही अंगातील वस्त्रास किरु, पायांतील जोड्यास हाकु व डोक्यावरील टोपीस काबुरु अशी निरनिराळी क्रियापदे वापरितात.

खरी कसोटी लागते ती आदराच्या ठिकाणी. आपण वडिलांस या, बसा म्हणतो आणि धाकट्यास ये, बस म्हणतो. क्रियापद तेच, रूप वेगळे. जपानीत पुष्कळदा क्रियापदच बदलते. साधे खाणे ते ताबेरु. वडील माणूस खातो तेव्हा मेशिआगारु. आपण नम्रतेने खातो किंवा स्वीकारतो तेव्हा इतादाकु. थोरांचे बोलणे ओश्शारु, तर आपले त्यांच्यापुढील बोलणे मोउसु. देणे ह्या एका शब्दाचीही तीच गत. दुसऱ्याने मला दिले तर कुरेरु, मी दुसऱ्यास दिले तर आगेरु. म्हणजे क्रियापद उच्चारण्यापूर्वी कोण थोर, कोण लहान, कोणी दिले व कोणास मिळाले, ह्याचा विचार बोलणाऱ्याच्या मनात झालेला असावा लागतो. हे ज्ञान केवळ पुस्तकातून कसे यावे? ते त्या लोकांत बसून, ऐकून, चुकून आणि चूक सुधारूनच यावयाचे.

आणि ऐकण्याची अशी जागा डॉक्टरांस पुन्हा लाभली. १८६२ च्या अखेरीस ते योकोहामा येथे राहावयास गेले आणि तेथे त्यांचा दवाखाना पुन्हा सुरू झाला. रोग्यांकडून ते पैसे घेत नसत. वैद्यास निजा, बसा, डोळा उघडा, जीभ दाखवा हे सांगता आले पाहिजे, आणि कोठे दुखते, केव्हापासून दुखते, काय खाल्ले, हे समजले पाहिजे. ह्यांतील प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी क्रियापद आहे. जपानी माणूस पाणी पितो ते नोमु, आणि औषध घेतो तेही नोमुच. गोळी असली तरी नोमु. अशा बारकाव्यांची नोंद करणाऱ्यास दवाखान्यासारखी शाळा नाही. कोळी, हमाल, व्यापारी, सामुराई, आया, म्हाताऱ्या, सर्व थरांची भाषा तेथे आपण होऊन कानांवर येते.

अशाच एका रोग्यामुळे कोशाच्या कामास मोठे साह्य मिळाले. डोळ्यांच्या विकाराने पीडित झालेला किशिदा गिन्को नावाचा एक तरुण विद्वान डॉक्टरांकडे आला. त्याचे डोळे बरे झाले आणि तो डॉक्टरांचा साहाय्यक बनला. शब्दांचे अर्थ, त्यांच्या छटा, वापरण्याची उदाहरणे ह्यांत त्याची मदत अमोल ठरली. कोशाची हस्तलिखित प्रत तयार झाली. पण असा ग्रंथ छापण्याची सोय जपानात नव्हती. म्हणून १८६६ साली डॉक्टर व गिन्को शांघाय येथे गेले. तेथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या छापखान्याचे चालक विल्यम गॅम्बल हे खिळे पाडण्याच्या कलेत निष्णात होते. जपानी अक्षरांचे वळण गिन्कोने आपल्या हाताने लिहून दिले व त्यावरून खिळे तयार झाले. १८६७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे नाव वाएइ गोरिन शूसेइ, म्हणजे जपानी-इंग्रजी शब्दांचा संग्रह. त्यात जपानी शब्दांची संख्या २०,००० हून अधिक होती.

ह्या कोशात क्रियापदांची मांडणी कशी होती ते पाहण्याजोगे आहे. डॉक्टरांनी प्रथम क्रियापदाचे मूळ रूप दिले, त्यापुढे वर्तमानाचा आणि भूताचा प्रत्यय. म्हणजे योमि, मग योमु, मग योंदा. एका दृष्टिक्षेपात त्या शब्दाची सारी चाल विद्यार्थ्यास कळावी हा हेतू. शिवाय क्रियापद सकर्मक की अकर्मक हे सांगून वापराचे नमुने दिले. पुढे १८७२ साली दुसरी आणि १८८६ साली तिसरी आवृत्ती निघाली. तिसरीत शब्द ३५,००० च्या वर गेले. तीत क्रियापदे मूळ रूपाऐवजी योमु अशा चालू रूपाखाली लाविली आणि रोमन अक्षरांतील लेखनपद्धतीही सुधारली. एकदा छापले ते अखेरचे, असा अभिमान त्यांनी धरिला नाही. वीस वर्षांनी स्वतःचीच मांडणी बदलण्यास ते कचरले नाहीत. जपानी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची ती पद्धती हेपबर्न पद्धती म्हणून आजही चालू आहे. जपानी पारपत्रांवर व रेल्वे स्टेशनांच्या पाट्यांवर ती दिसते.

आपल्या मराठीस मोल्सवर्थ साहेबांचा कोश १८३१ साली मिळाला व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. तो कोश सिद्ध होण्यास जसे अनेक शास्त्रीपंडित खपले, तसेच येथेही झाले. कोशावर नाव एकाचे असते. परंतु त्याच्या पानापानांत ज्यांनी शब्द पुरविले त्या माणसांचे श्वास असतात.

कोणी विचारील की धर्मसेवेसाठी गेलेल्या गृहस्थाने शब्द गोळा करण्यात आयुष्याची इतकी वर्षे का घालविली? आम्हांस ह्याचे उत्तर क्रियापदांतच दिसते. जपानीत तासुकेरु म्हणजे साह्य करणे, आणि संकटातून वाचविणे हेही तेच. युरुसु म्हणजे परवानगी देणे, आणि क्षमा करणे हेही तेच. ज्यास हे शब्द लोकांच्या तोंडी कसे नांदतात हे ठाऊक नाही, त्याने क्षमेचा उपदेश केला तर ऐकणारा काय समजेल? कोश हा पवित्र शास्त्राच्या भाषांतराचा पाया होता. १८७२ साली योकोहामा येथे मिशनरी मंडळींनी एकत्र बसून भाषांतराचे काम हाती घेतले. पुढील वर्षी, १८७३ साली, बंदीचे फलक रस्त्यांवरून उतरले. सॅम्युएल ब्राउन व इतर सहकारी आणि जपानी विद्वान ह्यांच्यासह चाललेल्या ह्या कामात नवा करार १८८० पर्यंत पुरा झाला; जुना करार, ज्यात व्हर्बेक यांचाही भाग होता, १८८७ साली संपला. ३ फेब्रुवारी १८८८ रोजी तोक्यो येथील समारंभात बहात्तर वर्षांच्या ह्या वृद्ध वैद्यांनी दोन्ही करार हाती घेऊन एकत्र ठेविले आणि ते जपानी राष्ट्रास अर्पण केले.

ह्या सर्व काळात वैद्याचा हातही थांबला नव्हता. १८६७ सालीच सावामुरा तानोसुके ह्या नामांकित नटाचा सडलेला पाय त्यांनी गुंगीचे औषध देऊन कापला व त्याचा जीव वाचविला. पुढे त्यास अमेरिकेहून कृत्रिम पाय मागवून दिला, आणि तो नट पुन्हा रंगभूमीवर उभा राहिला. डोळ्यांच्या एका औषधाची कृती त्यांनी गिन्कोस दिली. ते औषध विकून गिन्कोने आपला चरितार्थ चालविला. क्लॅराबाईंनी घरी मुलांस इंग्रजी शिकविण्यास आरंभ केला. त्या लहानशा वर्गात बसलेला ताकाहाशी कोरेकियो नावाचा मुलगा पुढे १९२१ साली जपानचा मुख्य प्रधान झाला. स्वतःची मुले गमावलेल्या त्या माउलीने परक्यांची मुले शिकविली.

कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीचे हक्क डॉक्टरांनी एका जपानी प्रकाशन-संस्थेस २,००० डॉलरांस दिले आणि ती सर्व रक्कम मेइजी गाकुइन ह्या ख्रिस्ती विद्यालयास दिली. तीतून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे राहिले. १८८९ साली ते त्या विद्यालयाचे अध्यक्षही झाले. ज्या शब्दांस जमविण्यास अर्धे आयुष्य गेले त्यांचे मोल त्यांनी अशा रीतीने मुलांच्या डोक्यावरील छपरात घातले. १८९२ साली, तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर, पत्नीची प्रकृती ढासळल्यामुळे ते अमेरिकेस परत गेले. १९०५ साली, त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या सुमारास, जपानच्या बादशहाने त्यांस उगवत्या सूर्याचे मानचिन्ह दिले. पुढील वर्षी क्लॅराबाई निवर्तल्या. २१ सप्टेंबर १९११ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, न्यू जर्सी प्रांतातील ईस्ट ऑरेंज येथे डॉक्टर हेपबर्न प्रभूच्या ठायी विसावले.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढेमागे जपानी शिकतील, कोणी जर्मन, तर कोणी आपल्या शेजारच्या प्रांताची कानडी अथवा तेलुगू. तेव्हा नामांच्या यादीने आरंभ न करता रोजच्या कृतींची वीस क्रियापदे घ्या. येणे, जाणे, देणे, घेणे, खाणे, पिणे, पाहणे, ऐकणे. ती बोलणाऱ्या माणसापाशी बसा, चुका, हसू सोसा आणि पुन्हा बोला. आणि पालकांस आमची विनंती अशी की आता आमचे वय झाले, आता काय शिकणार, असे मुलांदेखत म्हणू नये. आम्हीही चाळिशी ओलांडली आहे आणि हे वाक्य आमच्याही जिभेवर अनेकदा येते. तेव्हा आम्हांस आठवतात ते चव्वेचाळीस वर्षांचे डॉक्टर हेपबर्न, पराव्या देशातील एका बुद्धमंदिरात बसून, तान्ह्या मुलाप्रमाणे ये आणि जा पासून आरंभ करणारे.